आत्याचं प्रस्थान आणि सव्वा तासावरचं कोल्हापूर

आमच्या घरात अंतर किलोमीटरमध्ये मोजत नसत, आत्याच्या पोटावर मोजत. निफाड जवळ होतं, कारण निफाडला जाताना आत्या खिडकीतून उसाची शेतं बघत, शेजारणीशी गप्पा मारत जायची आणि उतरल्या उतरल्या चहा मागायची. सिन्नर त्याहून काही लांब नाही. पण आमच्या लेखी ते परदेशात होतं. मधे मोहदरीचा घाट आहे. घाट कसला, सह्याद्रीवर चढउतार करणारी माणसं हसतील अशी थोडीशी वळणं. त्यातल्या पहिल्या वळणाला आत्या बोलायची थांबायची, दुसऱ्याला लिंबू नाकाला लावायची आणि तिसऱ्याला वडील उठून ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायची विनंती करायचे.

गाडी लागणं हा त्रास पुष्कळांना असतो. आत्याला तो थाटामाटात होता. प्रवासाच्या आदल्या दिवसापासून तयारी असे. ओवा, आलेपाक, आवळासुपारी, पदराच्या टोकाला बांधलेलं लिंबू आणि साडीच्या आत पोटावर वर्तमानपत्राची घडी. कागद पोटावर असला की मळमळत नाही, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. गाडी लागायची ती लागायचीच. फक्त आत्या उतरताना कागद वाजायचा.

वडिलांनी एकदा रेल्वेचाही प्रयोग केला. रेल्वे हलत नाही, डुलते, असं त्यांचं म्हणणं. इगतपुरीपर्यंत आत्या खरोखरच डुलत होती. मग बोगदे सुरू झाले. कसाऱ्याला दोघं उतरले आणि वडील म्हणाले, पुढे जायला नको, आपण परत जाऊ. परत जाताना तोच घाट पुन्हा आहे, हे त्यांच्या लक्षात कसाऱ्याच्या फलाटावर बसल्यावर आलं. तिथून त्यांनी आत्याला घरी कसं आणलं हे दोघांनीही कधी नीट सांगितलं नाही. त्या दिवसानंतर रेल्वेचा विषय आमच्याकडे बंद झाला.

ही आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत एकटी पडली आणि आमच्या इंदिरानगरच्या घरी राहायला आली. वडील तिला अक्का म्हणत. तिला अक्का म्हणणारं आणखी एकच माणूस होतं. ते कोल्हापूरला. ती तिची धाकटी बहीण, आमची कोल्हापूरची आत्या. तिच्या यजमानांना अर्धांगवायू झाला होता. त्यांना अर्धा दिवसही एकटं ठेवता येत नसे, त्यामुळे तिला घर सोडता येत नसे. आणि थोरलीला नाशिक सोडता येत नसे. मधे साडेचारशे किलोमीटरचा रस्ता आणि मोहदरी, चंदनापुरी, खेड, कात्रज, खंबाटकी असे एकामागून एक घाट. आत्या ही नावं रांगेनं म्हणायची, आपल्या वैऱ्यांची म्हणावीत तशी.

आठ वर्षं बहिणी एकमेकींना भेटल्या नव्हत्या. दर रविवारी सकाळी फोन व्हायचा. त्यात बोलणं काय, तर भाजी काय केलीस, पाणी येतंय का, गुडघा कसा आहे. एका रविवारी धाकटी सहज बोलून गेली, "अक्का, तुझा चेहराच आठवंना झालाय बघ मला. आवाज तेवढा हाय." आत्या हसली. फोन ठेवला. त्या दिवशी ती जेवली नाही. आईनं दोनदा पान वाढलं आणि दोनदा झाकून ठेवलं.

वडिलांना बहिणीचं न जेवणं फार लागायचं. त्यामुळे काही दिवसांनी ते सकाळी पेपर हातात घेऊन स्वयंपाकघरात आले, तेव्हा त्यांचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा होता. नव्वदच्या दशकाची अखेर होती. त्या काळात अधूनमधून कुणीतरी एक छोटं विमान घेऊन यायचं, गांधीनगरच्या विमानतळावरून ते उडवायचं, काही महिने लोक कौतुक करायचे आणि मग ते विमान कुठे गेलं ते कुणाला कळायचं नाही. अशाच एका कंपनीनं नाशिकहून थेट कोल्हापूरला विमान सुरू केलं होतं. आठवड्यातून तीनदा. मंगळवार, गुरुवार, शनिवार.

"किती वेळ लागतो?" आत्यानं विचारलं. ती मेथी निवडत होती.

"सव्वा तास."

"सव्वा तासात मी निफाडला पोचून चहा पिते. कोल्हापूर कसं येईल?"

वडिलांनी माझा जुना शाळेचा नकाशा आणला, शिवणाच्या डब्यातला दोरा आणला आणि ओट्यावर वर्ग भरवला. दोरा नाशिकवर धरला, सरळ ताणला, कोल्हापूरवर टेकवला. "हे बघ अक्का. रस्त्यानं साडेचारशे. हवेतून साडेतीनशेच्या थोडं वर."

"मग बाकीचे कुठे गेले?"

"वळणांत जातात ते."

आत्यानं मेथीची जुडी खाली ठेवली. "म्हणजे मला जे काही होतं, ते त्या बाकीच्यांतच होतं."

"तेच तर सांगतोय."

"आणि घाट?"

"विमानाला घाट नसतो."

"मग सह्याद्री काय करतो तेव्हा?"

"खाली राहतो," वडील म्हणाले.

सह्याद्री खाली राहतो, हे आत्याला पटायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, जाते. एकटीला पाठवणं शक्य नव्हतं. मी नुकतीच नोकरीला लागले होते आणि विमानात बसायला मिळणार म्हटल्यावर सोबत म्हणून इतकी समजूतदार झाले की आईला संशय आला. कोल्हापूरला फोन गेला. धाकटीनं त्या एका दिवसासाठी नवऱ्याजवळ बसायला पुतण्याला बोलावलं. "विमानतळावर मी सोता येणार," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाला पाठवायची नाही."

वडील तिकिटं काढायला गेले. मंगळवार भरलेला, शनिवार भरलेला. गुरुवार हवा तितका रिकामा. तिकिटं घेऊन खुशीत घरी आले तेव्हा आत्या पंचांग उघडून बसली होती. गुरुवार का रिकामा होता, ते आम्हाला तेव्हा कळलं. गुरुवारी दक्षिणेला दिशाशूल असतो. त्या वारी त्या दिशेला निघू नये. कोल्हापूर दक्षिणेला. म्हणजे नाशिकमधले सगळे प्रवासी आमच्याच घरचं पंचांग वाचत होते.

"विमानातही दिशाशूल लागतो का?" मी विचारलं.

"दिशा बदलली का? मग लागतो."

आता हे प्रकरण तिथेच संपायचं. पण आपल्या लोकांनी अडचणीबरोबर तिच्यातून सुटायची वाटही करून ठेवलेली असते. जायचा वार वाईट असेल तर आदल्या चांगल्या वारी प्रस्थान ठेवायचं. म्हणजे एका फडक्यात मूठभर तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि आपल्याबरोबर न्यायची एखादी वस्तू बांधायची आणि ती पुरचुंडी जायच्या दिशेला असलेल्या दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. प्रवास तिथून सुरू झाला असं धरायचं. मग दुसऱ्या दिवशी निघताना ती उचलायची आणि पुढे जायचं. फक्त ती पुरचुंडी आपल्या घरी परत यायला नको. आली की प्रवास मोडला.

आमच्या दक्षिणेला दोन गल्ल्या सोडून एक काकू राहायच्या. आत्याची त्यांच्याशी मैत्री. काका बदलीच्या नोकरीवर बाहेरगावी असत, घरी काकू एकट्याच. बुधवारी संध्याकाळी आत्या नवी साडी नेसून त्यांच्याकडे गेली, पुरचुंडी त्यांच्या देवघरात ठेवली, चहा प्याली आणि परत आली. सगळं शास्त्रात बसलं.

गुरुवारी सकाळी आईनं आमच्या हातावर दही घातलं. शेजारपाजारच्या बायका फाटकापर्यंत आल्या. आत्याच्या पदराला लिंबू होतं, पोटावर कागद होता. शिदोरीत दशम्या, चटणी, लोणचं, गूळपोळ्या आणि चार केळी. सव्वा तासाचा प्रवास आहे, असं मी म्हटलं. "साडेतीनशे किलोमीटरचा आहे," आत्या म्हणाली. रिक्षात मी आणि ती, मागे स्कूटरवर वडील. काकूंच्या दारात रिक्षा थांबली.

दाराला कुलूप.

आत्या रिक्षातून उतरली, कुलूप हातात घेऊन बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "राहू दे ना आत्या. सुपारी कोल्हापुरातही मिळते."

"तिकिटं आत आहेत," आत्या म्हणाली.

वडिलांनी स्कूटर बंद केली. "कुठे आत?"

"प्रस्थानात."

"अक्का, साडी ठेवायची असते गं. नाहीतर पंचपात्र. तिकीट कुणी ठेवतं का?"

"साडी ठेवली तर साडीचं प्रस्थान होतं. मी साडीवाचून जाऊ शकते, दुसरी नेसून जाईन. ज्याच्यावाचून जाता येणार नाही तेच ठेवायला पाहिजे. मग मी तिकिटं ठेवली. दोन्ही."

यात बोट ठेवायला जागा नव्हती. वडिलांनी कपाळावरचा घाम पुसला. इतक्यात गल्लीच्या तोंडाशी आई दिसली. आईला मी त्याआधी पळताना पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

"काकूंचा फोन आला होता," आई धापा टाकत म्हणाली. "पिंपळगावहून."

पिंपळगाव बसवंत हे काकूंचं माहेर. भावाची द्राक्षं होती आणि द्राक्षांचा हंगाम ऐन भरात होता. पहाटे भावाचा फोन आला की माल भरायला बायका कमी पडतायत, निघून ये. काकू मिळेल त्या गाडीनं गेल्या होत्या.

"आणि प्रस्थान?"

"बरोबर घेऊन गेल्या. कुलपात प्रस्थान ठेवू नये म्हणे."

"मग आपल्याकडे आणून द्यायचं ना जाताना," वडील म्हणाले.

आई आणि आत्या दोघींनी त्यांच्याकडे एकदमच बघितलं. "आपल्या घरी कसं आणतील?" आई म्हणाली. "प्रवास मोडला नसता का? त्यांना वाटलं, तांदूळ-सुपारी आहे, वन्सं तशाच निघतील, आपण पुढे कुणाच्या तरी हाती पाठवू. तिकिटं असतील हे त्यांच्या स्वप्नात नाही. बांधताना मी बघितलं होतं, ते सांगितलं तेव्हा त्यांच्या हातातली कात्री पडली. द्राक्षांचा टेम्पो नाशिकला निघतोय, त्यात देतायत. तुम्ही आडगाव नाक्यावर जाऊन थांबा."

वडिलांनी स्कूटरला किक मारली. आत्या मात्र जागची हलली नाही. तिचा चेहरा उतरला होता.

"पिंपळगाव उत्तरेला आहे," ती म्हणाली. "माझं प्रस्थान उत्तरेला गेलं."

हा प्रश्न बिकट होता. आई पदरानं वारा घेत म्हणाली, "अहो वन्सं, पृथ्वी गोल आहे. उत्तरेनं गेलं तरी कोल्हापूर येतंच. जरा लांब पडतं इतकंच. बसा रिक्षात."

आत्या बसली.

गांधीनगरचं विमानतळ तेव्हा एखाद्या तालुक्याच्या दवाखान्याएवढं वाटायचं. आत एक काउंटर, एक वजनकाटा आणि टाय बांधलेला एक पोरगेलासा माणूस. तिकिटं तोच बघत होता, सामान तोच उचलत होता आणि सूचनाही तोच देत होता. समोरासमोर उभ्या असलेल्या आठ-दहा माणसांना तो माईकवरून सूचना द्यायचा. विमान कोल्हापूरहून यायचं होतं आणि अजून आलं नव्हतं. मी मनातल्या मनात त्या विमानाला सांगितलं, ये सावकाश.

"तिकीट द्या आजी."

"आजी कुणाची? आत्या म्हण."

"आत्या, तिकीट."

"वाटेत आहे."

त्यानं आमच्या मागे बघितलं. "कोणी घेऊन येतंय का?"

"टेम्पोतून येतंय. ते माझ्या आधी निघालंय. काल संध्याकाळी."

"तुमचं तिकीट काल निघालं?"

"नाहीतर काय, आज गुरुवार नाही का?"

तो घोटाळला. मला वाटलं आता कडक होईल. पण त्याच्या कपाळावर बारीक गंध होतं, आणि गुरुवार हा शब्द त्याच्यापर्यंत बरोबर पोचला. त्यानं आवाज खाली आणला. "प्रस्थानात ठेवलंत?"

"बघ. ह्याला कळलं," आत्या मला म्हणाली.

"माझी आजी पण ठेवते. पण आत्या, ती रुमाल ठेवते. तिकिटाशिवाय मला विमानात बसवता येत नाही. विमान आलं, इंधन भरलं, की निघणार. थांबत नाही ते कुणासाठी."

आत्याचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "अरे, माझी बहीण तिथे येऊन उभी राहील. आठ वर्षांनी घरातून बाहेर पडतेय माझ्यासाठी. विमानातून मी उतरले नाही तर तिला काय वाटेल?"

त्यानं वजनकाटा पुढे ओढला. म्हणाला, "तोवर वजन करून घेऊ." छोटं विमान होतं. त्यात सामानाबरोबर माणसांचंही वजन करायचे. आत्या काट्यावर चढली. मी सांगते, वेळ काढण्याची कला मी त्या दिवशी शिकले. आत्यानं आधी चपला घालून वजन केलं. मग चपला काढून केलं. मग शिदोरी हातात घेऊन, मग शिदोरी माझ्याकडे देऊन. शिदोरीचं वजन माझ्यात धरणार की तिच्यात, यावर तिनं त्याच्याशी चर्चा केली. मग त्याला एक गूळपोळी दिली आणि म्हणाली, हे वजा कर. त्यानं ती खाल्ली आणि खरोखरच पुन्हा वजन केलं. आता तोही वेळ काढत होता.

तेवढ्यात बाहेर घरघर ऐकू आली आणि विमान उतरलं.

इकडे आडगाव नाक्यावर काय झालं, ते वडिलांनी पुढे इतक्या वेळा आणि इतकं रंगवून सांगितलं की मी तिथे होते असं मला वाटतं. ते रस्त्याच्या मधोमध उभे राहून दिसेल त्या टेम्पोला हात करत होते. कांद्याचे टेम्पो थांबले, टोमॅटोचा थांबला, त्यातल्या एका ड्रायव्हरनं त्यांना भाव विचारला. शेवटी एक द्राक्षांचा टेम्पो आपणहून थांबला. ड्रायव्हरच्या मांडीवर पुरचुंडी होती.

"परस्थान तुमचंच का, दादा?"

"हो, हो. द्या लवकर."

"बाईंनी सांगितलंय, खाली टेकवायचं नाय. लय जपून आणलं. गेर टाकाया हात जायना, तरी मांडीवरच ठिवलं. तुम्ही कशावर नेता?"

वडिलांनी स्कूटरची डिकी दाखवली.

"डिकीत नाय जमायचं. बाईंनी सांगितलंय."

पिंपळगावच्या त्या माणसासमोर वाद घालण्यात अर्थ नव्हता. वडिलांनी पुरचुंडी शर्टाच्या आत पोटाशी घातली, वरून बटणं लावली आणि त्या अवस्थेत नाशिकच्या रहदारीतून स्कूटर हाणली. घरातला सगळ्यात शांत माणूस, दूधवाल्याशीसुद्धा वर आवाज काढून न बोलणारा, त्या दिवशी द्वारकेच्या चौकात पोलिसाच्या शिट्टीकडे न बघता निघून गेला. हा भाग सांगताना ते जरा थांबायचे, आम्हाला आश्चर्य वाटू द्यायला.

विमानतळावर बाकीचे प्रवासी विमानाकडे चालू लागले होते. वैमानिक दारापर्यंत येऊन बघून गेला होता. "अजून कोण राहिलंय?" त्यानं विचारलं.

"दोन लेडीज आहेत, सर," टायवाला म्हणाला. "त्यांचं तिकीट त्यांच्या आधी निघालंय. पोचेलच."

वैमानिकाला यातलं किती समजलं ते माहीत नाही. तो घड्याळात बघत उभा राहिला. आत्या दाराकडे तोंड करून बसली होती. लिंबू हातात होतं आणि ती ते उगीच दाबत होती, इतकं की त्याचा रस बोटांवरून ओघळत होता. मी तिला पाणी दिलं. तिनं घेतलं नाही. ती म्हणाली, "ती लवकर येऊन उभी राहिली असेल. तिला धीर नाही." एवढंच.

आणि वडील आले. पोट पुढे आलेलं, केस उभे, एका पायात चप्पल. त्यांनी सगळ्यांसमोर शर्टाची बटणं काढली आणि पुरचुंडी काउंटरवर ठेवली. टायवाल्यानं आधी हात जोडले, मग गाठ सोडली. तांदूळ काउंटरभर पसरले, सुपारी घरंगळत वजनकाट्याखाली गेली आणि आतून दोन तिकिटं निघाली, हळदीनं माखलेली. आत्याचं नाव पिवळं झालं होतं पण वाचता येत होतं. त्यानं तिकिटं फाडली, आमचे भाग आमच्या हातात दिले आणि माईक तोंडाशी धरून म्हणाला, "आत्या, चला."

वडील कठड्यापाशी थांबले. आत्या चालत असताना त्यांनी हाक मारली नाही. मागून हाक मारायची नसते. ते फक्त हात वर करून उभे होते, आणि आत्याही मागे वळली नाही. पण तिनं माझा हात असा धरला की मला दुखलं.

विमान डाव्या अंगाला कललं आणि आत्यानं डोळे गच्च मिटले. मी पिशवी तयार ठेवली. थोड्या वेळानं विमान सरळ झालं. बराच वेळ गेला, काही झालं नाही. मग तिनं एक डोळा उघडला. मी म्हटलं, "आत्या, खाली बघ. तो बघ सह्याद्री."

तिनं बघितलं. उन्हात तपकिरी डोंगर पडले होते, चुरगळून टाकलेल्या चादरीसारखे. मधूनमधून रस्त्याची पांढरी रेघ नागमोडी दिसायची आणि एखादी गाडी मुंगीएवढी. ती खूप वेळ कपाळ काचेला लावून बसली. घाटांची नावं म्हणेल असं मला वाटलं. पण ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "हा एवढासा?"

मी पिशवी घडी करून ठेवली.

"एवढ्याशाला भिऊन मी आठ वर्षं घरात बसले."

"आत्या, खालून तो मोठाच असतो," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. डोळे पुसले. मग शिदोरी उघडली आणि पुढच्या, मागच्या, शेजारच्या सगळ्या प्रवाशांना दशमी आणि चटणी वाटली. सव्वा तास कधी संपला ते कळलं नाही. एक केळं तिनं वैमानिकासाठी पाठवलं.

कोल्हापूरच्या विमानतळावर कठड्यापलीकडे एक बाई उभी होती. हिरवी साडी, पांढरे केस. आत्या मला म्हणाली, "ती नाही. ती एवढी म्हातारी नाही." आणि त्याच वेळी त्या बाईनं हात वर केला.

दोघी समोरासमोर आल्या. मिठी वगैरे काही मारली नाही. धाकटीनं थोरलीचा चेहरा दोन्ही हातांनी धरला, भांडं कुठून चेपलंय ते बघावं तसा इकडे वळवला, तिकडे वळवला, आणि म्हणाली, "हां. हाच."

"हाच म्हणजे काय?"

"मी आठवत हुतो तो दुसऱ्याच कुणाचा तरी हुता. शेजारच्या वैनींचा बहुतेक."

मग दोघी हसल्या, आणि हसता हसता जे व्हायचं ते झालं. मी सामानाकडे बघत उभी राहिले. विमानात काही न झालेल्या आत्याला विमानतळापासून घरापर्यंतच्या रिक्षात दोनदा उतरावं लागलं. दोन्ही वेळा धाकटीनं तिची पाठ चोळली आणि रिक्षावाल्याला खाली बसून विडी ओढायला सांगितलं.

मी दोन दिवसांनी बसनं परत आले, सगळे घाट मोजत. आत्या मागाहून विमानानं यायची होती. पण ते विमान तेवढं थांबलं नाही. एके दिवशी वडील परतीचं तिकीट काढायला गेले, तर कचेरीचं दार बंद आणि पाटी उतरवलेली. आजूबाजूला कुणाला काही माहीत नव्हतं. वडिलांनी रविवारी फोन केला. मी शेजारी बसले होते.

"अक्का, विमान बंद पडलं. पण तू काळजी करू नकोस. मी गाडी घेऊन येतो. घाटात सावकाश आणतो. दोन दिवस लागू देत, वाटेत पुण्याला मुक्काम करू."

पलीकडून आत्या काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. वडिलांचा चेहरा दिसत होता.

"म्हणजे येणारच नाहीस का?" ते म्हणाले.

नंतर त्यांनी आईला सांगितलं ते असं. कोल्हापूरच्या भाऊजींना उठवायला, पुसायला दोन माणसं लागतात आणि तिथे इतकी वर्षं एकच माणूस होतं. धाकटी काही म्हणाली नव्हती. तिनं फक्त दुपारचं झोपायला सुरुवात केली होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. आत्या वडिलांना म्हणाली होती, "तुला माझी सवय आहे रे. हिला गरज आहे. तू रागावू नकोस."

वडील रागावले नाहीत. पण ते पुढचे कितीतरी दिवस संध्याकाळी कामावरून आले की चप्पल काढता काढता "अक्का, आलो गं" म्हणायचे, आणि आई आतून "हं" म्हणायची. कुणीतरी हं म्हणायला हवं होतं.

पावसाळ्यानंतर आत्याचं सामान पाठवायचं ठरलं. ट्रंक, देव, आणि आरसा बसवलेलं लाकडी कपाट. काकूंनी पिंपळगावच्या भावाचा टेम्पो ठरवून दिला. सामान चढलं, दोऱ्या आवळल्या, ड्रायव्हर जागेवर बसला. वडील टेम्पोभोवती दोन फेऱ्या मारून आले.

"आरसा आहे," ते म्हणाले. "वाटेत हलला तर फुटेल."

"चादरीत गुंडाळलाय की," आई म्हणाली.

"कुणीतरी धरून बसायला पाहिजे."

"रात्र होईल पोचायला. उद्या कामावर जायचंय तुम्हाला."

वडील घरात गेले आणि पिशवी घेऊन बाहेर आले. त्यात दोन शर्ट, धोतर, दाढीचं सामान आणि आईला न सांगता बाजारातून आणलेल्या मनुका होत्या, कारण द्राक्षांचा हंगाम तेव्हा नव्हता. म्हणजे पिशवी आजची भरलेली नव्हती. आईच्या ते लक्षात आलं. तिनं आत जाऊन दह्याची वाटी आणली आणि टेम्पोच्या चाकापाशी उभं राहून त्यांच्या हातावर घातलं.

वडील मागे चढले आणि कपाटाला पाठ लावून, ट्रंकेवर हात ठेवून बसले. टेम्पो वळला तेव्हा चादर थोडी सरकली होती आणि आरशात आमची गल्ली, आई आणि मी दिसत होतो. वडील मात्र पुढे, दक्षिणेकडे तोंड करून बसले होते.

ते आठवड्यानं परत आले, आणि पुढे दर दिवाळीनंतर जात राहिले. दर वेळी निघताना काही ना काही सामान कोल्हापूरला पोचवायचं असायचं.